पोत कुठे द्यायचा?

व्यक्तिचित्रण : लेखांक नववा

गेल्या दोन लेखांकांत व्यक्तिचित्रातली रेषा आणि प्रकाशयोजना पाहिली. आता पृष्ठभागाकडे वळू. अलीकडच्या प्रदर्शनांत ‘मिश्र माध्यम’ अशी पट्टी लावलेली व्यक्तिचित्रे पुष्कळ दिसतात. गालावर टेक्श्चर पेस्टचा थर, केसांच्या जागी सुतळी, पार्श्वभूमीला वर्तमानपत्राचे कपटे, कपाळाशी सोनेरी वर्खाचा तुकडा. यांतली बरीचशी चित्रे पाहताना ती हात लावून बघायचा मोह होतो, पण घरी परतेपर्यंत चेहरा विसरलेला असतो. दोष साहित्याचा नाही. वाळू, मेण, वर्ख, कापड, यांतले काहीही व्यक्तिचित्रात चालते आणि त्याचे दाखले दोन हजार वर्षे मागे जातात. चूक होते ती जागेची. चित्रातला कोणता भाग खडबडीत करायचा आणि कोणता गुळगुळीत ठेवायचा हे ठरवताना चित्रकार समोरच्या माणसाबद्दलच काही ठरवत असतो. तो निर्णय टाळून सगळीकडे सारखा फासलेला पोत माणसाबद्दल काहीच सांगत नाही, असे माझे म्हणणे आहे.

जागेचे महत्त्व तंजावरच्या मराठा दरबारात फार स्पष्ट दिसते. भोसल्यांच्या राजवटीत तिथे बहरलेल्या शैलीत फणसाच्या फळीवर कापड चिकटवतात, त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देतात, दागिने, प्रभावळ, कमानी यांच्या जागी तो उठावदार करतात, काचेचे खडे बसवतात आणि सोन्याचा वर्ख चढवतात. ही शैली देवादिकांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असली, तरी दुसऱ्या सरफोजीराजांसारख्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) राजांची व्यक्तिचित्रेही तिच्यात झाली. तिथे पागोट्यावरचा तुरा, कंठा, जरीचे काठ उंच आणि चकाकते. चेहरा मात्र सपाट रंगात. दिव्याच्या उजेडात आधी सोने पेटते, मग माणूस दिसतो. हा राजा आहे हे आधी कळावे आणि कोणता राजा हे नंतर, अशी त्या चित्राची मुळातच मांडणी आहे. चित्रकाराला चेहरा जमला नाही म्हणून असे झाले, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल.

आता याच्याशेजारी गुस्ताव क्लिम्टने १९०७ मध्ये पूर्ण केलेले आडेल ब्लोख-बाउअर यांचे चित्र ठेवू. तिथेही सोन्या-रुप्याचा वर्ख, उठावदार नक्षी, आणि चेहरा, गळा, हात गुळगुळीत तैलरंगात. वाटणी तीच, पण परिणाम उलटा. तंजावरच्या चित्रात प्रत्येक दागिना अंगावरच्या आपल्या जागी राहतो आणि दर्जाची साक्ष देतो. क्लिम्टकडे झगा कुठे संपला, खुर्ची कुठे सुरू झाली, भिंत कोणती, हेच कळेनासे होते. नक्षीने शरीर गिळले आहे आणि त्या चकाकीतून फिकट चेहरा आणि एकमेकांत अडकवलेले हात तेवढे बाहेर उरले आहेत. श्रीमंतीत वावरणारी बाई श्रीमंतीतच अडकलेली दिसते. साहित्य जवळपास सारखे असताना अर्थ एवढा बदलला, तो वर्खाच्या कडा कुठे आखल्या आणि कुठे पुसल्या यामुळे.

चेहऱ्यालाच पोत देण्याची रीतही अर्वाचीन नाही. इजिप्तमधली, फायूमच्या नावाने ओळखली जाणारी, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली ममीवर बसवायची व्यक्तिचित्रे घ्या. त्यांतली बरीच रंग मिसळलेल्या मेणात केलेली आहेत. मेण झपाट्याने थिजते. छटा एकमेकींत जिरवत बसायला उसंत नसते, आणि कुंचल्याचा किंवा हत्याराचा फटका जिथल्या तिथे गोठतो. त्या कारागिरांनी ही अडचणच कामाला लावली. वस्त्रावरचे फटके लांब आणि सैल आहेत. गालावरचे आखूड, गालाच्या गोलाईबरोबर वळणारे. म्हणजे पोताला दिशा आहे, आणि ती हाडामांसाच्या दिशेने जाते. नाइफने पेस्टचा थर सगळ्या चेहऱ्यावर एकसारखा ओढला की नेमकी हीच दिशा मरते. मग गालफडाची कड आणि कपाळाचा सपाटा यांत फरक उरत नाही, आणि वरून कितीही सुंदर रंग चढवला तरी खालचा गिलावा लपत नाही.

रेम्ब्रांटने पोताची बेरीज आणि वजाबाकी दोन्ही केली. १६२८च्या सुमाराच्या, आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेल्या त्याच्या छोट्या आत्मचित्रात डोळे सावलीत बुडालेले आहेत आणि केसांच्या कुरळ्या बटा ओल्या रंगावर कुंचल्याच्या दांड्याने ओरखडून काढल्या आहेत. उतारवयातल्या आत्मचित्रांत हे उलटते. प्रकाश पडतो त्या कपाळावर आणि नाकावर शिशाच्या सफेद्याचे जाड थर, सावलीत पातळ, पारदर्शक रंग. जाड रंगाला खोलीतला उजेड प्रत्यक्ष लागतो. रंगवलेल्या झळाळीवर खरी झळाळी चढते आणि पाहणारा हलला की तीही सरकते. पातळ सावली मात्र मागे राहते. लंडनच्या केनवुड हाउसमधल्या आत्मचित्रात हात जेमतेम सुचवलेले आहेत, टोपी काही फटकाऱ्यांत उरकली आहे, आणि नजर वळून वळून चेहऱ्याच्या त्या जाड थरांवर येऊन थांबते. विसाव्या शतकात लूशन फ्रॉइडने क्रेम्निट्झ व्हाइट हा शिशाचाच जड, दाट पांढरा रंग अंगकांतीसाठी राखून ठेवला. त्याच्या चित्रांत कातडी ही वजन असलेली वस्तू वाटते, याचे बरेचसे कारण या राखून ठेवण्यात आहे. तोच रंग त्याने पलंगावर आणि जमिनीवरही तसाच चढवला असता तर कातडीचे वेगळेपण संपले असते.

महाराष्ट्रातल्या जाणकार वाचकाचा यावर एक आक्षेप येणारच. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलच्या परंपरेने आपल्याला उत्तम व्यक्तिचित्रे दिली ती हुबेहूबपणाच्या आणि संयमाच्या बळावर. हे खडबडीत प्रकार चेहऱ्याची ओळखच पुसतात. या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणून सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ उभे करता येईल. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या त्या चित्रात दिवा हाताने झाकून धरलेली स्त्री आहे, बोटांतून लालसर उजेड झिरपतो, आणि हे सगळे पारदर्शक जलरंगात, कागदाचा पांढरेपणा राखून साधलेले आहे. तिथे पोताचा एक कणही घातला असता तर चित्र बुडाले असते. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की त्या चित्राचा विषय माणसाच्या अंगावरून आणि अंगातून जाणारा उजेड आहे, आणि उजेडाला जडत्व नको असते. ज्याला चेहऱ्याचे वजन, वय, किंवा एकाच चेहऱ्याकडे वर्षानुवर्षे पाहणे रंगवायचे आहे त्याची गरज वेगळी. शिवाय आपल्याच परंपरेत, गोव्याच्या सांग्यात जन्मलेले आणि जे. जे.त शिकलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हटले गेले, हेही विसरून चालणार नाही.

पण ओळख पुसते त्याचे काय? इथे लंडनच्या फ्रँक आउअरबाखची चित्रे तपासावी लागतात. बर्लिनमध्ये १९३१ साली जन्मलेला आणि २०२४ मध्ये वारलेला हा चित्रकार मोजक्याच माणसांना वर्षानुवर्षे समोर बसवत आला. १९५०च्या दशकात तो थरावर थर चढवत गेला. पुढे मात्र न जमलेले काम खरवडून काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायचे, अशी त्याची पद्धत झाली. एकाच व्यक्तीची त्याची दोनतीन चित्रे ओळीने पाहिली तर नाकडोळे जुळत नाहीत, पण मान कलण्याची तऱ्हा, डोक्याचा भार कुठे टेकला आहे, जबडा कसा पुढे येतो, हे जुळते. दूरवरून चालत येणारा ओळखीचा माणूस नाकडोळे दिसण्याआधीच ओळखू येतो, तशी ही ओळख आहे. मात्र सुरुवातीच्या काही चित्रांत थर इतका साचला आहे की शीर्षक वाचल्याशिवाय समोर कोण आहे हे सांगता येत नाही. तिथे आक्षेप घेणाऱ्याचे पारडे जड आहे, असे माझे मत.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे काम या वादात जास्त निर्णायक वाटते. बार्देशातल्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढे असलेल्या आणि मग लंडनला गेलेल्या सूझांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर काळ्यावर काळे अशी चित्रे केली. त्यांत माणसांची डोकीही आहेत. रंगभेद नाही, छायाप्रकाश नाही. डोळा, नाक, ओठ ही सगळी जाड रंगाच्या कडांतून आणि फटकाऱ्यांच्या वळणातून उभी राहतात. समोरून बघितले तर काळा चौकोन, बाजूला सरकून तिरप्या उजेडात बघितले तर कुणीतरी आपल्याकडे पाहत असते. इथे पोत चित्राला जोडलेला नाही, रेखाटनच पोतात झाले आहे. चेहरा ओळखण्याच्या आड पोत येतो असे म्हणणाऱ्याला या चित्रांचे उत्तर द्यावे लागेल, कारण इथून पोत काढून घेतला तर चेहऱ्यातले काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि बऱ्याचदा खराही: कच्चे रेखाटन झाकायला पेस्ट आणि कोलाज बरे पडते. त्यावर माझी कसोटी अशी की चिकटवलेली वस्तू काढून तिच्या जागी तिचे चित्र रंगवून पाहावे, निदान मनातल्या मनात. काही बिघडले नाही, तर ती वस्तू फुकट होती. ख्रिस ओफिली यांचे १९९८चे, आता लंडनच्या टेट संग्रहात असलेले ‘नो वुमन, नो क्राय’ या कसोटीला उतरते. १९९३ मध्ये वर्णद्वेषी हल्ल्यात मारल्या गेलेल्या स्टीफन लॉरेन्सच्या आईवरून सुचलेली, रडणारी एक स्त्री त्यात आहे. तिच्या प्रत्येक अश्रूत स्टीफनच्या चेहऱ्याची छोटी छापील प्रतिमा चिकटवलेली आहे; वर राळेचा थर आहे. गळ्यात आणि चित्राच्या पायाशी हत्तीच्या शेणाचे वाळवलेले गोळे आहेत, आणि त्या काळात सगळा गदारोळ या गोळ्यांवरच झाला. पण चित्र उभे आहे ते अश्रूंवर. छापील प्रतिमा वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचलेल्या मुलाची आहे. ती हाताने रंगवली असती तर आईच्या खाजगी दुःखात सार्वजनिक छायाचित्र शिरल्याची ती टोचणी गेली असती. आता हे समोर बसवून केलेले काटेकोर व्यक्तिचित्र नाही, हे खरे. तरीही साहित्याने चेहऱ्याबद्दल काय करावे याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे पटकन आठवत नाही.

मार्कस हार्वीचे १९९५चे ‘मायरा’ याहून अवघड. मुलांचे खून करणाऱ्या मायरा हिंडलीचा पोलिसांनी काढलेला फोटो लहान मुलाच्या हाताच्या साच्याने उमटवलेल्या ठशांतून त्याने रचला. १९९७ मध्ये रॉयल अकॅडमीत ते लावले तेव्हा त्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. ते लावायला नको होते असे म्हणणाऱ्यांत मारल्या गेलेल्या मुलाची आई होती, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ठसे काढून ब्रशने तोच फोटो रंगवला असता तर फक्त एक कुप्रसिद्ध फोटो मोठा झाला असता. याउलट चक क्लोजने १९८५ मध्ये पत्नीच्या आजीचे सुमारे अडीच मीटर उंचीचे चित्र स्वतःच्या बोटांच्या ठशांनी केले. तिथे रंगाला जाडी जवळजवळ नाहीच. म्हातारीच्या सुरकुतलेल्या कातडीवर जिवंत कातडीचा ठसा, एवढाच पोत. जाडी वाढवली की पोत वाढतो या समजाला हे चित्र परस्पर उत्तर देते.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. तो हसण्यावारी नेता येत नाही. अठराव्या शतकात सर जोशुआ रेनॉल्ड्स मेण, राळ, डांबरासारखे बिट्युमेन यांचे प्रयोग करत राहिला. त्याने काढलेल्या चेहऱ्यांवरचा लाल रंग त्याच्या हयातीतच उडाला आणि कित्येक चित्रांना तडे गेले. रेम्ब्रांटचे जाड थर मात्र टिकले. २०१९ मध्ये संशोधकांनी त्याच्या १६३४च्या मार्टेन सोल्मान्सच्या व्यक्तिचित्रासह काही चित्रांतल्या जाड थरांचे कण तपासले, तेव्हा शिशाचे एक दुर्मिळ संयुग आढळले. त्यावरून तेलात मुद्दाम शिशाचा ऑक्साइड घालून तो ते घट्ट आणि लवकर वाळणारे करत असावा, असा अंदाज निघतो. म्हणजे टिकण्याची तजवीज त्याने तेलातच करून ठेवली होती. आपल्याकडे पावसाळी दमट हवेत ही तजवीज जास्तच लागते. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते. जाड थराची वरची साय आधी घट्ट होते, आत ओल राहते आणि पुढे सुरकुत्या पडतात, म्हणून खाली कमी तेलाचा थर आणि वर जास्त तेलाचा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, कालांतराने पापुद्रे सुटतात. ताणलेल्या कॅनव्हासवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा जाड थर देऊ नये. कॅनव्हास हलतो, प्लास्टर हलत नाही, आणि तडा बहुधा चेहऱ्यातूनच जातो. वाळू किंवा कापड लावायचे असेल तर प्लायवूडसारखा ताठ आधार घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. मजकूर हवाच असेल तर तो चांगल्या कागदावर छापून घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक मीडियमचा हात द्यावा. पिठाच्या खळीला बुरशी लागते, तेव्हा ती टाळलेली बरी.