खत आणि खतावणी

छत्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या. निवृत्तीनंतर पहिल्याच वर्षी मी स्वतःची एक खतावणी उघडली आणि तिच्या शिरोभागी लिहिले, ‘खिडकीतील भाजी’. वर्षअखेरीस तिची बेरीज अशी झाली: कुंड्या, लाल माती, कोकोपीट, शेणखताच्या पिशव्या, रोपे आणि एक झारी मिळून खर्च ८,४०० रुपये. जमेच्या बाजूस अकरा टोमॅटो, मूठभर मिरच्या आणि एक वांगे, तेही किडके. नोकरीत अनेक बुडीत खाती पाहिली. परंतु इतक्या लवकर आणि इतक्या पूर्णपणे बुडालेले खाते दुसरे आठवत नाही.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते. गच्चीच्या पूर्वेकडील कोपऱ्यात, तीनेकशे चौरस फुटांत, त्यांची छोटी शेती आहे. माझे वाळलेले टोमॅटोचे रोप पाहून त्या म्हणाल्या, “साहेब, रोपाचा काही दोष नाही. कुंडीत मातीच नाही.”

कुंडी काठोकाठ भरलेली होती. मी तसे सांगितले. त्यांनी बोटाने टोकरून दाखवले. बोट नखभरही आत शिरले नाही. रोपवाटिकेतील लाल माती सहा महिने पाणी आणि ऊन खाऊन विटेसारखी घट्ट झाली होती. तिच्यात ना हवा होती ना पालापाचोळा. मी भांडवल म्हणून जे विकत आणले होते, ते भांडवल नव्हतेच. बाईंनी त्या दिवशी मला रोप दिले नाही, बीही दिले नाही. “एक पोतेभर सुका पाला गोळा करून आणा, मग बोलू,” एवढेच म्हणाल्या.

बाईंची ही विद्या त्यांची स्वतःची नव्हे, आणि तसे त्या आवर्जून सांगतात. मुंबईत गच्चीवर भाजी पिकवण्याच्या प्रयोगांना बरीच जुनी परंपरा आहे. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या तुकड्यावर स्वतः प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि जे हाती लागेल ते शेजाऱ्याला सांगावे, ही त्यामागची पद्धत. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरील शेतीची आपली एक रीत बसवली. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक. रसवंतीगृहातून फुकट मिळणारी उसाची चिपाडे, स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि अगदी थोडी माती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत व पिंपांत भरून त्यांनी फळे-भाज्या काढल्या. फुकट मिळणाऱ्या कच्च्या मालावर धंदा उभा करण्याची ही दृष्टी आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे २००२ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये खानपान विभागाच्या अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी गोदीतील मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या सुमारे ३,००० चौरस फुटांच्या गच्चीवर अशीच शेती सुरू केली. रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचे काय करावे, हा मूळ प्रश्न होता. कचरा खाली टाकण्याऐवजी वर नेला, आणि पाहता पाहता पिंपांतून चिकू, पेरू आणि पालेभाज्या उभ्या राहिल्या. त्यातूनच ‘अर्बन लीव्हज्’ हा गट निघाला. धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात सुटीच्या दिवशी गृहिणी, नोकरदार, विद्यार्थी जमत, हाताने काम करून शिकत आणि शिकलेले आपापल्या घरी नेत. ते उद्यान स्वतःच एकेकाळी शहराची कचराभूमी होते, हे विशेष. बाई काही वर्षे त्या रविवारच्या कामाला जात असत. मीही त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो, ही चूक दुसऱ्या वेळी केली नाही.

तेथे शिकवली जाणारी ‘अमृतमाती’ची कृती थोडक्यात सांगतो. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस ठेवावयाचे, दिवसातून तीनदा ढवळावयाचे. चौथ्या दिवशी त्यात दहापट पाणी घातले की ‘अमृतजल’ तयार. त्यात सुका पाला चोवीस तास भिजवून, पाला आणि चाळलेली माती यांचे थरावर थर देत फूटभर उंचीचा ढीग रचतात. आठवड्याने एकदा वरखाली करतात. महिन्याभराने त्यावर नाना प्रकारची धान्ये, कडधान्ये, मसाल्याचे बी पेरतात आणि उगवलेला हिरवा पाला एकवीस दिवसांच्या टप्प्यांनी कापून त्याच ढिगात मिसळतात. साऱ्याला साडेचार-पाच महिने लागतात. मुदत ठेवीसारखेच हे, मध्येच मोडली तर व्याज बुडते.

तयार माती काळसर, भुसभुशीत आणि हलकी असते. हलकेपणाचे महत्त्व गच्चीवर कळते. एक घनफूट ओली साधी माती पंचेचाळीस ते पन्नास किलो भरते. अशा दहा पेट्या मांडल्या तर इमारतीच्या डोक्यावर किती ओझे चढले, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आमच्या सोसायटीच्या सभेत गळतीच्या भीतीने बाईंच्या शेतीला विरोध झाला होता, आणि तो विरोध मला आजही गैर वाटत नाही. पेट्या विटांवर उचलून ठेवणे, खालून पाणी वाहून जाण्यास वाट ठेवणे आणि शक्यतो खांब-तुळयांच्या रेषेत मांडणे, या अटींवर परवानगी मिळाली. ज्यांना हे काम सुरू करावयाचे असेल त्यांनी बियाण्याच्या आधी सोसायटीचा लेखी ठराव मिळवावा. तोंडी संमती आणि तोंडी उधारी यांची गत सारखीच.

आता घरचा प्रश्न. पाल्याचे पोते घरात आले त्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी विचारले, “ओल्या कचऱ्यात अळ्या होतील, त्यांचे काय? जिवांची उत्पत्ती होईल असे काही घरात ठेवायचे नाही, एवढे तरी लक्षात आहे ना?”

मी बाईंकडे गेलो. अळ्या आणि दुर्गंध दोन्ही येतात ते ओलावा जास्त झाल्यामुळे, असे त्या म्हणाल्या. एक मूठ ओला कचरा असेल तर दोन मुठी सुका पाला हवा. हे सांगितल्यावर सौ.ने स्वतःच एक तोड काढली. भाजीची देठे, फळांची साले ती सुपात पसरून पापडांसारखी उन्हात वाळवते आणि कडकडीत झाल्यावरच गच्चीवर पाठवते. बाईंच्या सगळ्या शिष्यवर्गात ही रीत नवी होती. आता आणखी तीन-चार घरांनी उचलली आहे. गांडुळे विकत आणण्यास मात्र तिने साफ नकार दिला, आणि एकवीस दिवसांनी कोवळी रोपे कापण्याची पायरीही तिला मानवली नाही. “पेरायचे ते कापून मातीत घालायला?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाई रागावल्या नाहीत. “हरकत नाही, माती तयार व्हायला दोन महिने जास्त लागतील,” म्हणाल्या. तसेच झाले.

हा प्रश्न पुरता सुटला असे मी म्हणणार नाही. मातीत जीव असतातच, आणि मातीला हात घालणाऱ्याला ते विसरता येत नाही. पण मुलुंडकरांनी एक गोष्ट नाकाने अनुभवली आहे. येथील कचराभूमीवर १९६८ पासून पन्नास वर्षे कचरा पडत होता. ती २०१८ मध्ये बंद झाली. आमच्या घरातून ‘गेलेला’ कचरा तेव्हा कुठे जात होता आणि तेथे काय काय उपजत होते, ते वारा फिरला की कळत असे. आज तो दुसऱ्या कुणाच्या नाकाखाली जातो, इतकाच फरक.

शेजाऱ्यांना मदत करण्याची बाईंची पद्धत मला बँकेच्या कोणत्याही योजनेपेक्षा शहाणी वाटली. बी किंवा रोप वाटले की ज्याला-त्याला आनंद होतो आणि महिन्यात कुंडी सुकते. म्हणून त्या प्रथम पाला आणायला लावतात. पाला आणला की एक बादली तयार माती देतात आणि तिला ‘विरजण’ म्हणतात. त्या विरजणावर पुढची माती घरीच लावायची. त्यानंतर स्वतः घरी येऊन खिडकीत ऊन किती तास येते ते पाहतात. पाच-सहा तास ऊन असेल तर मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी. तीन-चार तास असेल तर मेथी, पालक, पुदिना. त्याहून कमी असेल तर त्या स्पष्ट नाही म्हणतात. माझ्याच खिडकीला त्यांनी नापास केले. माझ्या पेट्या मग गच्चीवर गेल्या. आणि तिसरी गोष्ट, जिच्यावाचून पहिल्या दोन फुकट: दर पंधरवड्याला पुन्हा फेरी. पान पिवळे का पडले, मुळाशी पाणी साचते का, मावा कुठे लागला, हे समोर उभे राहून दाखवतात. कर्ज मंजूर करणे सोपे असते, पुढच्या तपासण्यांवर ते तरते.

माझ्या वहीत आसपासच्या तीन इमारतींतील एकवीस घरांची नोंद आहे. त्यांपैकी तेरा घरांत आज काही ना काही हिरवे आहे. आठ सुटली. दोघांनी घर बदलले. एकाच्या रोपांचे कोवळे शेंडे कबुतरांनी खाल्ले आणि त्याने हाय खाल्ली. (आमच्या इमारतीत कबुतरांना दाणे घालणारेही आम्हीच आणि रोपांवर जाळी बांधणारेही आम्हीच!) उरलेली पाच घरे मे महिन्याने नेली. व्यापारी कुटुंबे सुटीत तीन-तीन आठवडे गावी जातात, कुणी यात्रेला निघतात, आणि परत येईतो कुंडीत काडी उरते. बाईंनी त्यावर पाण्याची पाळी बसवली. जाणाऱ्याने किल्ली आणि झारी शेजाऱ्याकडे द्यावी, आणि त्या दिवसांतील भाजी पाणी घालणाऱ्याची. हा करार सगळ्यांना एका वाक्यात पटला.

पिकांच्या बाबतीत आपल्या घरांना काही गोष्टी सोयीच्याच पडतात. कंद आम्ही लावत नाही. नाहीतरी उथळ पेट्यांत ते धड पोसत नाहीत. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, आणि मुंबईच्या पावसात तिच्यावर कीडही सर्वाधिक. कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी पेरली की महिन्याच्या आत पहिली जुडी हाती येते. अडचण आहे ती भेंडीची. भेंडी तिथी पाळत नाही. चतुर्दशीला तोडायची राहिली की दोन दिवसांत जून होते. सुरुवातीला सौ. हळहळत असे. आता अष्टमी-चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी तोडणी करतो आणि तीही निसटलेली एखादी बियांसाठी झाडावर वाळू देतो. बी विकत घेऊन आता तीन वर्षे झाली.

राहिला हिशेब. गेल्या वर्षी खर्च सुमारे ९०० रुपये झाला, त्यात निम्मा दोऱ्या आणि जाळीचा. भाजी आली ती बाजारभावाने ४,२०० रुपयांच्या आसपास. हे ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. मी रोज अर्धा तास गच्चीवर असतो. त्याची मजुरी धरली तर धंदा तोट्याचा आहे, आणि घरची भाजी आजही मुख्यतः मंडईतूनच येते. माझ्या मुलाने, तो कापडाच्या व्यापारात आहे, पहिल्याच वर्षी हे आकडे पाहून वही मिटवून परत दिली होती. मी त्याला इतकेच दाखवले की पिंपे, जाळी, झारी या साऱ्यांवर दरवर्षी घसारा धरावा लागतो. माती ही त्या यादीतील एकच मालमत्ता, जिची किंमत मला दरवर्षी वाढवून लिहावी लागते. त्याने मान डोलावली. पटले की वडिलांचा मान राखला, ठाऊक नाही. पण रविवारी पाला चाळायला आता तो येतो.

यंदा मे महिन्यात आम्ही वीस दिवस गावी होतो. पहिल्या मजल्यावरच्या एका महाविद्यालयीन मुलाकडे किल्ली, झारी आणि वही सोपवून गेलो. नोंदी ठेवायच्या, एवढी ताकीद दिली. परत आल्यावर वही उघडली. रकाने नीट आखलेले होते, तारखा क्रमाने होत्या, पाण्याच्या बादल्यांची संख्याही लिहिली होती. १४ मे समोर नोंद होती: ‘तोंडली, साडेतीनशे ग्रॅम. आजीने परतून केली. संपली.’