सहाव्या वर्षीची दाढ आणि विम्याचं कार्ड

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७मध्ये १२ वर्षांचा एक शाळकरी मुलगा किडलेल्या दाढेपायी दगावला. दाढेच्या मुळाशी पू झाला आणि तिथले जंतू मेंदूत पोहोचले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, तरी मूल हाती लागलं नाही. ती दाढ वेळेवर काढायला ८० डॉलर पुरले असते. गरिबांसाठीचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेड, मुलांच्या दातांवर उपचार द्यायला कायद्यानेच बांधलेला होता. या कुटुंबाचा विमा मध्यंतरी खंडित झाला होता, हे खरं. पण विमा चालू असलेल्यांनाही दंतवैद्य मिळणं मुश्कील होतं. मेडिकेडचे दर परवडत नाहीत म्हणून बहुतेक दवाखाने असे रुग्ण घेतच नसत.

मला वाटतं, चूक विम्याच्या घडणीतच आहे. आजार झाला की खर्च भरायचा, ही विम्याची रीत. आणि कीड तर वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यात इनॅमलमधली खनिजं विरघळतात आणि लाळ ती हळूहळू भरून काढते. दिवसभर बिस्किटं चालू राहिली की लाळेला सवड मिळत नाही. पहिली खूण म्हणजे दातावरचा खडूसारखा पांढुरका डाग. ना ठणका, ना सूज. त्यात सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली कायमची दाढ शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतही नाही आणि किडली तर ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिली जाते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात, की ब्रशचा केसही तळाशी पोहोचत नाही. त्या खाचांवर सीलंटचा, म्हणजे खाचा झाकणाऱ्या लेपाचा, पातळ थर बसवला, तर पुढची दोन वर्षं मागच्या दातांची सुमारे ८० टक्के कीड टळते, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. त्याला भूल लागत नाही, ड्रिलही नाही.

दात घासायला लावणं हे आईबापांचं काम, सरकारने त्यात का पडावं आणि पैसा का घालावा, असं कोणी म्हणेल. पण स्कॉटलंडने बालवाड्यांमधून मुलांना रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायला लावले. या कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी उपचारांवरची बचत त्याच्या वार्षिक खर्चाच्या अडीच पटींहून जास्त निघाली. म्हणजे पैशाचा आक्षेपही टिकत नाही. मेरीलँडनेही पुढे दंतवैद्यांचे दर वाढवले आणि सार्वजनिक सेवेतल्या डेंटल हायजिनिस्टना, म्हणजे दातांची सफाई आणि प्रतिबंधक काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना, दंतवैद्याच्या आधीच्या तपासणीवाचून मुलांवर प्रतिबंधक उपचार करायची मुभा दिली. मला ही दुसरी सुधारणा जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे सेवा मुलाच्या बाकापर्यंत जाऊ शकते.

आपल्याकडे आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. बाह्यरुग्ण विभागातली दाढ त्यात बसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मात्र वर्षातून एकदा सरकारी शाळेत येतं आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. त्यांच्यासोबत एक डेंटल हायजिनिस्ट दिला, सीलंट पक्कं करणारा हातातला दिवा दिला आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलामागे विम्याच्या निधीतून ठरावीक रक्कम दिली, तर त्याच फेरीत चारही नव्या दाढा झाकून होतील.