पडद्यावरून हरवणारी अक्षरे



यंत्र कायमचे बंद पडले तर त्याचे कारण शोधणे फारसे अवघड नसते. मोटार जळाली किंवा पट्टा तुटला की दोष समोर उघडा पडलेला असतो. माणसाला छळते ते मधूनच बिघडणारे यंत्र. फिटर येऊन उभा राहिला की ते शहाण्यासारखे चालू लागते आणि त्याची पाठ वळली की पुन्हा अडते. आज ज्या बिघाडाविषयी बोलावयाचे आहे तो ह्याच जातीचा आहे, मात्र तो कारखान्यातल्या यंत्राचा नसून आपण रोज वापरतो त्या वेब ब्राउझरचा आहे. पान वाचता वाचता मधलीच काही अक्षरे नाहीशी होतात, कुठे शब्दाच्या जागी चौकोन येतात, कुठे अख्खी ओळ कोरी दिसते. पान जरा वरखाली सरकवले की सारे पूर्ववत्! शेजाऱ्याला दाखवायला बोलवावे तर दाखवायला काहीच उरलेले नसते, आणि बोलावणाराच खुळा ठरतो.

मी इंजिनिअर नव्हे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत, संध्याकाळी मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. परंतु ह्या बिघाडापायी माणसांची मजुरी कापली गेलेली मी पाहिली आहे, आणि म्हणून त्याच्या मुळाशी जाणे मला भाग पडले.

प्रथम अक्षर पडद्यावर येते कसे, ते पाहू. संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवतो. जगातल्या लिप्यांना असे आकडे ठरवून देणारी युनिकोड नावाची पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या मुख्य कोष्टकात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. ‘मराठी’ हा शब्द म्हणजे पाच आकडे: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. हे झाले पहिले काम. दुसरे काम जुळवणीचे. ‘कि’ लिहिताना साठवणीत क आधी असतो आणि वेलांटी मागून येते, पण दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांत रफार कोठे आणि आडवा र कोठे, हे चुकले तर गुरूच्या हाती झारा यावयाचा! क्रोम आणि फायरफॉक्स ह्या दोन्ही ब्राउझरांत ही जुळवणी हर्फबझ नावाचा प्रोग्रॅम फाँटच्या साहाय्याने करतो. तिसरे काम रंगवण्याचे. जुळलेल्या आकारांचे चित्र काढावयाचे, आणि ते पुन्हा पुन्हा काढावे लागू नये म्हणून स्मरणात ठेवावयाचे. छापखान्यातल्या कंपोझिटरपुढे टाइपांची केस असे, तशी ही केस समजा. हे काम बहुधा संगणकातला ग्राफिक्सचा भाग करतो.

कामे तीन, म्हणून बिघाडही तीन प्रकारचे. आकडे उलगडण्याची पद्धतच चुकली तर पानभर अगम्य चिन्हे दिसतात. जपानी लोक ह्याला मोजिबाके म्हणतात. तो दोष सहसा टिकून राहतो, लपंडाव खेळत नाही, तेव्हा तो सोडून देऊ. फाँटमध्ये अक्षरच नसेल तर चौकोन येतात. ह्या चौकोनांना गमतीने टोफू म्हणतात, आणि ‘टोफू नको’ ह्या अर्थानेच नोटो ह्या फाँटचे नाव पडले. पण फाँट दूरवरून मागवला जात असेल तर तो पोहोचेपर्यंत ब्राउझर मजकूर कोरा ठेवू शकतो. ही वाट पाहणे साधारणपणे तीन सेकंदांचे असते, मग तो जवळचा फाँट वापरतो. इंटरनेट मंद असले की असे दिसते, वेगवान असले की दिसत नाही. यंत्र बिचारे निर्दोष असते.

खरा लबाड बिघाड तिसऱ्या कामातला. केसमधले खिळे सांडावेत, तशी स्मरणातली अक्षरचित्रे खराब होतात आणि एखादे अक्षर उमटतच नाही. ओळखावे कसे? हरवलेल्या अक्षराची जागा मोकळी राहिली आहे का, ते पाहा. राहिली असेल तर जुळवणी नीट झाली आणि रंगवणे फसले. तो मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. तेथे अक्षर दिसले, तर आकडे शाबूत आहेत. पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडा. तेथे सारे ठीक दिसले तर संशय मॉनिटरचा किंवा केबलचा धरावा.

काही वर्षांपूर्वी एका कंत्राटी कचेरीत नोंदी भरणाऱ्या भगिनी आमच्याकडे आल्या. ब्राउझरमध्ये एका बाजूस अर्ज दिसे, आणि त्यातील नावे व रकमा दुसऱ्या बाजूस भरावयाच्या असत. मधूनच एखादा आकडा गळे. १३५० च्या जागी १ आणि ५० दिसे, घाईत दीडशे भरले जात, आणि प्रत्येक चुकीमागे पैसे कापले जात. तक्रार केली की वरिष्ठ म्हणत, “बाई, डोळे तपासून घ्या.” आम्ही त्यांना एक वही घालायला सांगितली. वेळ, यंत्राचा क्रमांक, कोणते अक्षर गेले, आधी काय चालले होते, कशाने परत आले, एवढेच लिहावयाचे. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. सगळ्या नोंदी चारच यंत्रांवरच्या होत्या, आणि बहुतेक जेवणाच्या सुटीनंतरच्या, म्हणजे यंत्र झोपून उठल्यानंतरच्या. बायकांचे डोळे काही यंत्राचा क्रमांक पाहून बिघडत नाहीत! त्या चार यंत्रांत ग्राफिक्सचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो निराळा निघाला. कापलेले पैसे परत मिळाले, पण तीन महिन्यांनी, आणि तेही भांडून.

तपासाची रीत सांगतो. एका वेळी एकच बदल करावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे देवालाही सांगता येणार नाही. आधी खाजगी खिडकी उघडून तेच पान पाहावे. मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तेथे जोड-प्रोग्रॅम, म्हणजे एक्स्टेन्शन, चालत नाहीत. दोष थांबला तर त्यांपैकी कोणीतरी चोर आहे. सोळा असतील तर एकेक तपासत बसू नये. आठ बंद करावेत, मग उरलेल्या संशयितांतले चार, मग दोन, मग एक. चार फेऱ्यांत चोर सापडतो.

तेथे नाही सापडला तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टिम ह्या भागातील ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फायरफॉक्समध्ये ट्रबलशूट मोड घेतला की एक्स्टेन्शन आणि हे साहाय्य दोन्ही एकदम बंद होतात. विंडोजवर दुसरीही एक परीक्षा आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने अक्षरे परतली, तर संशय पुष्कळच पक्का झाला.

येथे उतावीळपणा मात्र करू नये. जो दोष दिवसातून दोनदा येतो, तो तासभर दिसला नाही म्हणून गेला असे होत नाही. निदान चार-पाच दिवस वाट पाहावी. मग बंद केलेली गोष्ट मुद्दाम पुन्हा चालू करावी. दोष परत आला तरच गुन्हा शाबीत. ही उलट तपासणी लोक टाळतात, आणि ती टाळल्यामुळेच कचेऱ्यांतून नाना अंधश्रद्धा बोकाळतात: अमुक कळ दाबू नका, तमुक पान सकाळीच उघडा.

ग्राफिक्सचे साहाय्य बंद ठेवणे हा तात्पुरता आधार होय. त्याने मुख्य प्रोसेसरवर भार वाढतो आणि चित्रफिती अडखळू शकतात. ड्रायव्हर आणि ब्राउझर अद्ययावत करून पाहावे. नव्या ड्रायव्हरनेच घोळ सुरू झाला असेल तर जुना परत घालावा. एवढ्यानेही भागले नाही, तर ब्राउझर बनवणाऱ्यांस कळवावे. क्रोमचा पाया असलेला क्रोमियम आणि फायरफॉक्स ह्या दोघांचीही तक्रार-नोंद जनतेस खुली आहे. ‘अक्षरे जातात’ एवढेच लिहिल्यास कोणी हलणार नाही. ब्राउझरची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती, दोष केव्हा येतो, कशाने जातो, हे सारे वहीतून उतरवून द्यावे. फायरफॉक्सच्या मदत-सूचीतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ ह्या पानावर यंत्राची ही माहिती एकत्र मिळते. स्क्रीनशॉटही जोडावा, मात्र त्यावर दिसणारी लोकांची नावे आणि खातेक्रमांक आधी झाकून टाकावेत.