महिन्याचे शेकडा तीन आणि वर्षाचे नऊ टक्के: घरच्या कर्जाबद्दलचे गैरसमज

बुलढाणा जिल्ह्यात खासगी कर्जाचे व्याज महिन्याने आणि शेकड्याने बोलले जाते. ‘शेकडा दोनने घेतले’, ‘तीनने मिळाले’. आकडा इतका लहान असतो की व्याज किरकोळ वाटते. घाटावर चिखली-मेहकरला काय किंवा घाटाखाली खामगाव-नांदुऱ्याला काय, सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. शेकडा दोन म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये, अर्थात वर्षाला २४ टक्के. शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के. शेकडा पाचने घेतलेल्या पैशाचे व्याज वीस महिन्यांत मुद्दलाएवढे होते. तरीही बँकेचे नऊ आणि सावकाराचे तीन शेजारी ठेवून ‘बँक महाग’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पहिला दर वर्षाचा आहे आणि दुसरा महिन्याचा, एवढी साधी गोष्ट कितीदाही सांगितली तरी पुढच्या पेरणीपर्यंत विसरली जाते.

दिढीच्या व्यवहारात तर दराचा उच्चारही होत नाही. जूनमध्ये पेरणीला १०,००० रुपये घ्यायचे आणि सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरात १५,००० द्यायचे. हे ‘पन्नास टक्के’ नव्हेत. पाच महिन्यांत पन्नास टक्के म्हणजे वर्षाचा दर १२० टक्के होतो.

याच गैरसमजाचे शहरी, छापील रूप म्हणजे ‘हप्ता झेपतो, म्हणजे कर्ज झेपते’. जुन्या दुचाकीसाठी ५०,००० रुपये, २४ महिने, ‘सरळ बारा टक्के’ असे कर्ज घेतले असे समजू. दोन वर्षांचे व्याज १२,०००, एकूण ६२,००० आणि हप्ता सुमारे २,५८३ रुपये. वरवर पाहता दर १२ टक्केच दिसतो. पण सरळ व्याज पूर्ण मुदत मूळ ५०,००० वर लावलेले असते आणि मुद्दल तर दर महिन्याला फिटत जाते. चोविसाव्या महिन्यात या हिशोबाने अंगावर जेमतेम २,०८३ रुपये उरलेले असतात, तरी त्या महिन्याचे व्याज ५०० रुपयेच राहते. घटत्या शिलकीवर मोजले तर या कर्जाचा खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेकडून १४ टक्के घटत्या दराने मिळणारे कर्ज याच्यापेक्षा बरेच स्वस्त असते, पण ‘बारा कमी की चौदा?’ एवढाच प्रश्न विचारणारा महाग कर्ज निवडून घरी येतो.

हे कळण्यासाठी गणित येण्याची गरज नाही, कागद मागण्याची गरज आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना करायची ती याच आकड्याने. दुकानातला मोबाइल किंवा फ्रिज ‘शून्य टक्के व्याजाने’ घेतानाही हाच आकडा पाहावा. शून्य टक्के असे काही नसते आणि व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या नावाने वसूल होते, हे रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरील अशा योजनांबाबत २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नसेल, तर ती सूट हेच व्याज.

गावोगावी आणखी एक घोळ आहे, तो ‘गटाच्या कर्जाचा’. ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गट आणि मायक्रोफायनान्स कंपनीने कर्जापुरत्या एकत्र बसवलेल्या बायका, या दोन्हींना लोक बचत गटच म्हणतात. पहिल्यात सदस्यांची स्वतःची बचत असते आणि राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली पात्र गटांना ३ लाखांपर्यंतचे बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते. दुसऱ्यात बचत नसते, व्याज साधारणपणे वीस टक्क्यांच्या वर असते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो. ‘गटाचे आहे, म्हणजे सरकारी आहे’ असे मानून सही करण्याने अनेक घरे दोन-तीन हप्त्यांच्या कचाट्यात सापडतात. त्यात हप्ता आठवड्याचा किंवा महिन्याचा असतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो, कापसाचा त्यानंतर. मधले महिने मजुरीवर काढायचे असतील तर हप्ता मजुरीच्या आकड्याशी ताडून पाहावा, पिकाच्या आकड्याशी नव्हे.

मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला काही हक्क मात्र आहेत, आणि वसुलीवाले ते सहसा सांगत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड नाही. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. निम्मे उत्पन्न ही मात्र वरची सीमा आहे. कोरडवाहू घराने तिथपर्यंत जाणे धोक्याचे.

‘सावकाराच्या पुढे कायदा चालत नाही’ हेही खरे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकालाही राज्याने ठरवलेला वार्षिक दर पाळावा लागतो: शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. म्हणजे शेकडा दोनसुद्धा कायद्याबाहेर आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विदर्भात कर्जाच्या तारणापोटी थेट खरेदीखत करून घेण्याची रीत जुनी आहे. अशा व्यवहारात मागील पंधरा वर्षांत गेलेली जमीन सावकारीपोटीच गेल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर ती परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था देऊ शकतात. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडेही तक्रार देता येते.

‘कर्जमाफी येणार, भरू नका’ हा सल्ला दर निवडणुकीला नव्याने ऐकू येतो, आणि तो देणारा शेजाऱ्याचे नुकसान करत असतो. २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची आणि प्रत्येकीला ठराविक तारखांची कात्री होती. दोन्ही योजना शेतीकर्जासाठी होत्या. दुचाकी, सोनेतारण किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज त्यात बसत नव्हते. शिवाय ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत भरले, तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येते. थकवले की ही सवलत जाते, नवे पीककर्ज अडते आणि पेरणीसाठी पुन्हा शेकड्याचेच दार ठोठावावे लागते.

‘कर्ज काढून कर्ज फेडू नये’ हे अर्धेच खरे. जुन्या कर्जाचा हप्ता भरायला नवे कर्ज काढणे घातक असते, पण महाग कर्ज स्वस्तात बदलणे शहाणपणाचे. २०,००० रुपयांना शेकडा तीनने महिन्याला ६०० रुपये व्याज जाते. घरचे थोडे सोने वर्षाला १२ टक्क्यांनी तारण ठेवून ते फेडले, तर व्याज २०० वर येते. ‘कर्ज थकले की तुरुंग’ हे चूक: निव्वळ थकबाकी हा गुन्हा नाही. मात्र न वटलेला धनादेश कलम १३८ खाली खटल्यापर्यंत नेतो, म्हणून कोरा सही केलेला चेक कोणालाही देऊ नये. बापाचे कर्ज मुलाच्या पगारातून किंवा कमाईतून वसूल होत नाही; वारसाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच असते.

कर्जाच्या तुलनेत खर्चकपातीबाबतचे गैरसमज रकमेने लहान असतात. प्लगमध्ये राहिलेला मोबाइलचा चार्जर वर्षभरात दोन-चार युनिटच वीज घेतो. खरा खर्च जुन्या ७५ वॉटच्या पंख्याचा: रोज बारा तास, आठ महिने चालला की २१६ युनिट. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा हेच काम सुमारे ८६ युनिटांत करतो. महावितरणच्या बिलात १०० च्या वर गेल्यावर सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, हेही चूक. तो फक्त वरच्या युनिटांना लागतो. पाण्याला उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही, गॅस मात्र जास्त जळतो. उधारीचा किराणा बिनव्याजी वाटतो, पण उधारी असलेल्याला भावात घासाघीस करता येत नाही आणि दुकानही बदलता येत नाही.

कंट्रोलचा तांदूळ प्लास्टिकचा असतो म्हणून तो कवडीमोलाने विकून बाजारातून महाग तांदूळ आणणारी घरे आहेत. त्या तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणयुक्त असतो: तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून केलेला. तो थोडा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो, इतकेच. रेशनबद्दल शंका घेणे मुळातच चूक नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस गळू लागले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले, ते नमुने तपासून. प्लास्टिकच्या तांदळाची गोष्ट अशा कोणत्याही तपासणीवर उभी नाही.

पुन्हा कर्जाकडे वळू. शेवटचा हप्ता भरला की सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरतो, असेही धरले जाते. बँकेचे बेबाकी पत्र तलाठ्याकडे जाऊन फेरफार मंजूर होईपर्यंत ती नोंद तशीच राहते आणि पुढच्या कर्जाला आडवी येते. तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे मात्र संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत देणे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.