द्राक्षकन्येचा लाल रंग

उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते. १९३१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘द्राक्षकन्या’. द्राक्षकन्या म्हणजे वेलीची लेक, अर्थात मदिरा. माझ्या धर्मात मद्य वर्ज्य. पण शायरीत ते पावलोपावली भेटतं. त्यामुळे ही लेक जन्मते कशी, याचं कुतूहल मला नेहमीच वाटत आलं.

काळं द्राक्ष बोटांत दाबून पाहा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. मग रेड वाईन लाल कशी? रंग असतो सालीत. व्हाईट वाईन करताना रस गाळून घेतात आणि मग आंबवतात. रेड वाईनसाठी रस, साली आणि बिया एकत्रच आंबवतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, वायू सुटतो आणि साली वर येऊन त्यांचा जाड थर धरतो. तो पुन्हा पुन्हा खाली दाबावा लागतो. आठ-पंधरा दिवसांत सालीतला रंग रसात उतरतो आणि टॅनिनचा तुरटपणाही.

म्हणून वाईनचं द्राक्ष बारीक मण्याचं, जाड सालीचं, बियांचं. पण नेमक्या याच गुणांमुळे ते खायच्या द्राक्षांच्या बाजारात चालत नाही, बेदाण्यालाही उपयोगी पडत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी! २००८ च्या मंदीनंतर वायनऱ्यांनी खरेदी आखडती घेतली, तेव्हा नाशिक भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मोडल्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला वेगळी वाट निघाली. २००७ मध्ये तिथले मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू एकत्र आले. नाव ठेवलं ‘फ्रातेल्ली’. इटालियनमध्ये त्याचा अर्थ भाऊ. बागही आपली आणि वायनरीही आपली, हा त्यांचा पाया. सांजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची त्यांची ‘सेट्टे’ ही रेड वाईन नावाजली गेली.

बाग घराण्याची असण्याला अर्थ आहे. वेल लावल्यावर चांगलं पीक यायला दोन-तीन वर्षं जातात. पुढे दरवर्षी एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. कोणत्या तुकड्यातलं फळ कसं उतरतं, हे कळायला कित्येक हंगाम लागतात. आमच्या देवणीची गाय-बैलांची जात अशीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडली, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

खय्याम म्हणतो, आजचा क्षण जगून घ्या. बाग लावणाऱ्याला ते परवडत नाही. ज्याची स्वतःची वायनरी नाही, त्यानं वाईनची वेल लावण्याआधी खरेदीचा करार, त्यातला दर आणि मुदत कागदावर नीट वाचून घ्यावी. मांडव उभारायला काढलेलं कर्ज शेवटी त्यालाच फेडायचं असतं.