दूरच्या यंत्राचा दरवाजा

जुन्नरचा शिवनेरी किल्ला चढताना वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. शत्रूने एक दरवाजा ओलांडला, तरी पुढचा त्याची वाट अडवीत असे.

याच तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद येथे, 'जीएमआरटी' ही विशाल रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकार झाली. तिला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ खोडदजवळ एकवटल्या असून उरलेल्या १६ तीन दिशांना विखुरल्या आहेत. जुन्नर-आंबेगावच्या परिसरात हा पसारा सुमारे २५ किलोमीटर आहे. अँटेना फिरवावयाची झाल्यास कोणी शेते तुडवीत तेथवर जात नाही. मध्यवर्ती इमारतीतून प्रकाशतंतूंच्या मार्गाने आज्ञा जाते.

दूरदूरची यंत्रे अशी जोडण्यासाठी संगणकाच्या जाळ्यांत स्विच व राउटर ही उपकरणे वापरतात. स्विच एका ठिकाणची यंत्रे परस्परांशी जोडतो, तर राउटर संदेशाला दुसऱ्या जाळ्याची वाट दाखवतो. ही उपकरणेही तंत्रज्ञ दुरूनच उघडतो व दुरुस्त करतो. परंतु दारावर आलेला तो तंत्रज्ञच आहे, की त्याचे सोंग घेतलेला कोणी चोर, हे उपकरणाने कसे ओळखावे?

पूर्वी यासाठी 'टेलनेट' नावाची पद्धत सर्रास वापरीत. तीत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जाई व वाटेत कोणालाही वाचता येई. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेले. तेव्हा १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी 'एसएसएच' ही नवी पद्धत रचली. तीत सारे संभाषण सांकेतिक रूपात जाते. ते वाटेत कोणी अडवले, तरी त्यास अर्थबोध होत नाही.

या पद्धतीत किल्ल्यांची जोडी वापरता येते. एक किल्ली उपकरणात ठेवतात. दुसरी तंत्रज्ञाजवळ गुप्त राहते व कधीही तारेवरून जात नाही. उपकरण एक कोडे घालते. गुप्त किल्ली ज्याच्याजवळ असेल, त्यालाच त्याचे उत्तर देता येते. तंत्रज्ञही उपकरणाची ओळखखूण पडताळून पाहतो, कारण सोंग दोन्ही बाजूंनी घेता येते.

तथापि एका दरवाजावर विसंबून चालत नाही. म्हणून टेलनेटची जुनी वाट बंद करतात, ठरावीक संगणकांवरूनच प्रवेश देतात, प्रत्येकास स्वतंत्र नाव देतात, काम थांबताच दार आपोआप मिटेल अशी योजना करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतात.

ही दक्षता अनाठायी नाही. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी चिली देशातील 'अल्मा' या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीच्या संगणकांवर हल्ला झाला. अँटेनांना इजा झाली नाही. तरीही निरीक्षणे दीड महिन्याहून अधिक काळ थांबली. त्या अवधीत आकाशातून आलेल्या लहरी टिपल्या गेल्या नाहीत, आणि गेलेली लहर पुन्हा बोलावता येत नाही.