हुगळीच्या घाटावर सात वर्षांनी

ख्रिस्ती श्रद्धेत देवाची वाट पाहणे हा भक्तीचाच भाग मानला जातो. वचन मिळाल्यावर पुत्रासाठी पंचवीस वर्षे थांबलेला अब्राहाम, प्यालेबरदार विसरला म्हणून आणखी दोन वर्षे तुरुंगात राहिलेला योसेफ, नाताळापूर्वीचा चार रविवारांचा आगमनकाळ, ही उदाहरणे उपदेशांतून नेहमीच येतात. त्या थांबण्यात रोज करायचे काय, हे मात्र विल्यम कॅरी यांच्या बंगालमधल्या पहिल्या सात वर्षांत अधिक उघडपणे दिसते.

एकेकाळी जोडे शिवून पोट भरणारे मिशनरी कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये सहकुटुंब कलकत्त्याला उतरले. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. पोटापाण्यासाठी १७९४ मध्ये त्यांनी मालद्याकडच्या मदनावतीला निळीच्या कारखान्याची देखरेख पत्करली. निळीचे काम पावसाळ्यातले. उरलेल्या महिन्यांत बंगाली आणि संस्कृतचा अभ्यास, नव्या कराराचे भाषांतर आणि खेडोपाडी प्रवचने चालत. लोक ऐकत, वादही घालत, पण बाप्तिस्म्याला कोणी पुढे येईना. रोजनिशीत आशा आणि हताशा आलटून पालटून दिसतात. श्रद्धावंताला शंका येतच नाही, ही समजूत असली पाने वाचल्यावर टिकत नाही.

त्याच १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. विटाळाच्या धाकाने खड्डा खणायला आणि शव उचलायलाही माणसे मिळेनात. आई डॉरथी यांचे मन त्यानंतर सावरले नाही. नवऱ्यावर त्या नाही नाही ते संशय घेऊ लागल्या आणि पुढे त्यांना खोलीत ठेवावे लागे. हिंदुस्थानात येण्याची त्यांची मुळात इच्छाच नव्हती. कॅरींच्या धीराचे गोडवे गाताना डॉरथींचा उल्लेख दोन ओळींत आटोपण्याची जी पद्धत आहे, ती अन्यायाची आहे. त्या सात वर्षांची किंमत त्यांनीच जास्त मोजली.

जानेवारी १८०० मध्ये कॅरी डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला गेले. तिथे कंपनीचा हुकूम चालत नव्हता. जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे सहकारी मिशनरी तिथे आधीच आले होते. मार्चमध्ये छापखाना सुरू झाला. नोव्हेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. तो बसवला डॉक्टर जॉन टॉमस यांनी. टॉमस कॅरींच्याही आधीपासून बंगालमध्ये धडपडत होते. कर्जात बुडालेले, उतावळे, पण मनाचे उमदे. उपचारांबरोबर झालेले बोलणे कृष्ण पालच्या मनात राहिले आणि तो मिशनमध्ये येऊ लागला. २२ डिसेंबरला त्याने मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जात सोडली. गावात गलका झाला, जमावाने त्याला न्यायाधीशापुढे नेले. तिथून तो सुटला.

२८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या घाटावर कॅरींनी आधी आपला मुलगा फेलिक्स याला आणि मग कृष्ण पालला बाप्तिस्मा दिला. डॅनिश गव्हर्नर बी यांच्या डोळ्यांत पाणी आले. टॉमस मात्र घाटावर नव्हते. इतक्या वर्षांनी फळ आल्याच्या आनंदाने त्यांना वेड लागले होते आणि त्यांना कोंडून ठेवावे लागले होते. एका बाजूने त्यांचा आरडाओरडा, दुसऱ्या बाजूने डॉरथी यांचा आणि मधे बंगाली स्तोत्र, असा तो दिवस पार पडला. प्रार्थनेला उत्तर मिळाले म्हणून घरातले दुःख हटले नाही. टॉमस पुढच्याच वर्षी वारले. डॉरथी १८०७ मध्ये.

वाट पाहताना केलेल्या भाषाभ्यासाचा धागा मराठीपर्यंत येतो. मदनावतीतल्या मेहनतीमुळे कॅरींना फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याची जागा मिळाली, मराठीही त्यांच्याकडे आली आणि पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून निघाले.

कृष्ण पालने श्रीरामपुरात आपल्या घरासमोर स्वखर्चाने प्रार्थनेसाठी छोटी वास्तू उभारली आणि १८२२ मध्ये पटकीने मृत्यू येईपर्यंत तो प्रचारक म्हणून फिरत राहिला.